बडोदेकरांनो, तुमचं आठवड्याला किराणा-भाजीचं किती जातं? (आणि वर्षाचा गहू त्यात कसा धरता?)

ओटीवरची · रविवार, रात्री १०:०५

मागच्या आठवड्यात नणंद पुण्याहून आली होती. जेवताना सहज म्हणाली, "वहिनी, तुमचं आठवड्याला किती जातं गं किराण्याला?" मी म्हटलं, दीडेक हजार. यजमान ताटातून मान वर न करता म्हणाले, "पाच." सासूबाई म्हणाल्या, "दोघांचंही चूक." आकडा मात्र त्यांनीही दिला नाही.

ती गेल्यावर २०२५ ची वही काढून बसले. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतला मुलगा, जो एकटा दीड माणसाचं खातो. राहायला कारेलीबागेत.

दूध: अमूल गोल्डच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या रोज, ३४ प्रमाणे. आठवड्याचे ४७६. (१ मेला लिटरमागे दोन रुपये वाढले. त्याआधीचे महिनेही मी याच भावाने धरलेत, कोणी काट्यावर तोलू नका.)
भाजी: ७०० च्या आसपास. मंगळवारी खंडेराव मार्केट, बाकी दिवस दारावरची लारी (हातगाडी). उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात हा आकडा दुप्पट झालाय. पापडी, रतालू, हिरवी लसूण... उंधियो काही फुकट होत नाही.
फळं: ३५०.
महिन्याची यादी: ५,२००. याला १२ ने गुणून ५२ ने भागलं की १,२०० येतात. सरळ चारने भागू नका. मी आधी तेच केलं आणि १,३०० आले.

इथवर झाले २,७२६. मग घोडं अडलं ते वर्षाच्या भरणीवर. मार्च-एप्रिलात आम्ही भरतो ते असं: गहू ८ मण (आपला वीस किलोचा मण) ७६० प्रमाणे ६,०८०. सुरती कोलम तांदूळ ६० किलो, ३,९००. वासदची तूरडाळ २५ किलो, ३,१२५. सिंगतेलाचे (शेंगदाणा तेलाचे) तीन डबे वर्षात, ७,२००. मिरची-हळद-धणे-जिरे मिळून ३,२००. एकूण २३,५०५. बावन्नने भागले तर आठवड्याचे ४५२.

म्हणजे सगळं धरून ३,१७८. यजमानांचे पाच नाहीत आणि माझे दीडही नाहीत. सासूबाई खऱ्या ठरल्या, आणि ते त्यांनी दिवसभर जाणवू दिलं.

आता प्रश्न. तुम्ही वर्षाची भरणी अशी आठवड्यात पसरून धरता का? आणि खरं विचारायचंय ते हे की यंदा भरावं का? मार्च लागलाय, हाथीखान्यात (आपला धान्यबाजार) नवा गहू यायला लागला असेल. एकदम वीस-पंचवीस हजार काढायचे म्हणजे जिवावर येतं.

खोचक · रविवार, रात्री १०:३१

आठवड्याचा हिशोब आठवड्याला पगार मिळणाऱ्यांनी करावा. आपल्याकडे पगार महिन्याला, गहू वर्षाला, दूध रोज आणि पाहुणे कधीही. नणंदबाईंना म्हणावं, चार दिवस राहिलात त्या आठवड्याचा आकडा वेगळा काढून पाठवते.

ओटीवरची · रविवार, रात्री १०:३४

@खोचक, काढला होता. पाठवला नाही.

हिशेबी_काका · सोमवार, सकाळी ६:५०

वहिनी, वही उत्तम. एक शंका: यादीतल्या ५,२०० मध्ये साबण, भांड्याची पावडर, टूथपेस्ट वगैरे आहे का? असेल तर ते वेगळं काढा. पोटात जातं ते आणि मोरीत जातं ते एका रकान्यात नको. (चाळीस वर्षं बँकेत काढली आहेत, सवय जात नाही.)

तुलनेला आकडा हवा असेल तर सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीचा देतो. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात शहरी भारतात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला आणि त्यातला खाण्यापिण्याचा वाटा ३९.६८ टक्के. म्हणजे माणशी साधारण २,७७६. चार माणसांचे आठवड्याला २,५६० च्या आसपास. पण सावकाश वाचा: त्या खाण्यात हॉटेल, फरसाण, बिस्किटं, शीतपेयं सगळं आलं. शहरात सर्वांत मोठा वाटा त्याच रकान्याचा आहे, एकूण खर्चाच्या ११ टक्के. धान्य त्याच्या पुष्कळ खाली.

तेव्हा तुमचे ३,१७८ त्या २,५६० शेजारी ठेवायचे तर साबण वजा करा आणि रविवारचा फाफडा मिळवा.

ओटीवरची · सोमवार, सकाळी ९:१५

काका, साबणसोडा ९०० निघाला महिन्याचा. आठवड्याचे २०८ वजा, उरले २,९७०. फाफडा-जिलबी, सेवउसळ आणि मुलाचं क्लासनंतरचं खाणं कुठेच लिहिलेलं नाही. ते यजमानांच्या फोनमधून जातं. म्हणूनच ते "पाच" म्हणाले असावेत. आत्ता उलगडा झाला.

पेढीवरचा · सोमवार, दुपारी २:४०

हाथीखान्यात एका पेढीवर हिशोब लिहितो, बावीस वर्षं झाली. नाव-गाव विचारू नका, शेठ वाचत नाही पण शेठचा मुलगा वाचतो.

ताईंचं गहू-तेलाचं वाचलं म्हणून लिहितो. तेलाच्या डब्यात पुष्कळ लोक फसतात. एकाच दुकानात दोन डबे शेजारी ठेवलेले असतात, एकावर १५ किलो आणि दुसऱ्यावर १५ लिटर. डबा दिसायला सारखाच. लिटरला तेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल. गेल्या साली एक गिऱ्हाईक १५ लिटरचा २,२५० ला घेऊन खुशीत निघालं. किलोचा डबा २,४०० ला होता. भागून बघा: पहिला किलोला १६५ पडला, दुसरा १६०. दीडशे रुपये वाचवले असं ते घरी सांगणार.

पाऊचचंही तेच. पूर्वी एक लिटर म्हणजे एक लिटर असायचं. आता ८५० ग्रॅमचंही पाऊच येतं आणि हातात घेतलं तर फरक कळत नाही. भाव बघायच्या आधी वजन वाचा.

दुसरं, भाव का हलतो ते. सिंगतेल सौराष्ट्राच्या शेंगेवर चालतं. सोयाबीन, सूर्यफूल, पाम ही दिल्लीच्या आयात शुल्कावर. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि ऐन सणात सगळी तेलं चढली. ३० मे २०२५ ला ते १० वर आणलं. सिंगतेल खाणाऱ्याला वाटतं आपला काय संबंध. संबंध आहे. स्वस्त तेल महाग झालं की कपासियाचं (सरकीच्या तेलाचं) गिऱ्हाईक हलतं, त्याच्यामागे बाकीचे भाव हलतात.

अर्धी_गुजराती · सोमवार, दुपारी ४:१०

(माहेर दांडिया बाजार, सासर पेटलादकडचं. हँडल त्यावरून.)

ओटीवरची ताई, गहू कुठला भरता ते लिहिलंच नाहीत! खरी गोची तिथे आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने भालिया गहू भरला होता. भालमधला, बिनपाण्याचा, जमिनीतल्या ओलीवर येणारा, २०११ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) असलेला. दाणा असा लांब आणि काचेसारखा. मी घडीच्या पोळ्या करायला घेतल्या तर एकेक पोळी पापडासारखी. दोन दिवस मला वाटलं माझाच हात बिघडला. मग फईंनी (आतेसासूबाईंनी) सांगितलं, "बेटा, हे दाऊदखानी. याची भाखरी करायची, लापशी करायची. याची पोळी नाही होत."

तेव्हापासून आमच्याकडे दोन पिंपं. सहा मण सिहोरी किंवा लोकवन पोळ्यांना, दोन मण भालिया भाखरीला. भाखरीचं पीठ जाडं लागतं, पोळीचं बारीक. घरघंटी आहे म्हणून जमतं, जाळी बदलली की झालं. बाहेर दळामण (दळण) देऊन दोन प्रकारचं दळून आणायचं तर चक्कीवाला आपल्या आधीच्या माणसाचा बाजरा त्यात मिसळणारच.

दिवेल (एरंडेल) मणाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतं. उन्हं देऊन गहू पूर्ण गार झाल्यावर हाताने चोळायचं, गरम गव्हाला लावू नका. आणि एक हात जोडून विनंती: किडीसाठी फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात त्या घरात आणू नका. त्यांचा वायू सुटतो आणि झोपेत माणसं गेलेली आहेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे.

मांजलपूरकर · सोमवार, सायं. ७:२२

आम्ही भरणी बंद केली. फ्लॅटमध्ये दोन पिंपं ठेवली तर माणसांनी गॅलरीत झोपायचं. पाच-पाच किलो आटा आणतो.

फक्त एक लक्षात ठेवा. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्या-पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या गव्हावर नाही. म्हणजे मी दर पाकिटामागे तो भरतो आणि तुम्ही लोक भरत नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा १२ चा ५ झाला, बिस्किटांवरचा १८ चा ५, फरसाणाचा १२ चा ५, आणि खाखऱ्यावर तर काहीच उरला नाही. गुजरातचं भलं झालं म्हणायचं. तेल आधीही ५ होतं, आताही ५.

आणि ते दहा मिनिटांत घरी आणून देणारं ॲप (नाव घेत नाही). कोथिंबिरीची जुडी मागवली. जुडी १२ ची, वर हाताळणी, पोचवणी आणि "लहान ऑर्डर" असे तीन आकार. खाली दारात लारीवाला वांगी तोलून वर मूठभर कोथिंबीर फुकट देत होता. बायकोने गॅलरीतून तो सोहळा मला दाखवला.

पीजीतला_पक्या · सोमवार, रात्री ११:५५

मी एम.एस. युनिव्हर्सिटीत, फतेगंजला पीजी. आठवड्याचा किराणा: पोहे, दाणे, कांदे, दूध, केळी, मॅगी. ४५० रुपये. टिफिन वेगळा, महिन्याला २,८००, रविवारी रात्री बंद. म्हणून आठवड्याचं एकूण अकराशेच्या घरात.

खरं म्हणजे काकांच्या पाहणीतला ११ टक्क्यांचा रकाना म्हणजे मी.

समा_तळमजला · मंगळवार, सकाळी ८:०५

लिहू की नको करत होते. भरावं का विचारलंत म्हणून लिहिते.

आम्ही समा भागात, तळमजल्याला. २०२४ च्या एप्रिलमध्ये सहा मण गहू भरला होता. ऑगस्टमध्ये चार मण उरला असेल. जन्माष्टमीला पाऊस लागला, थांबेचना. रात्रीत विश्वामित्री नदी चढली आणि पहाटे पाणी ओट्यावर आलं. आम्ही कागदपत्रं, गॅस सिलिंडर आणि आईंना घेऊन वर शेजाऱ्यांकडे गेलो. पिंप कोण उचलणार? ऐंशी किलोचं.

तीन दिवसांनी खाली उतरलो. पिंपाचं झाकण घट्ट होतं, म्हणून आशा होती. पण बुडाला झाळलेली जागा होती ती सुटली होती. गव्हाला मोड आले होते आणि वास असा की दार उघडून मी परत जिन्यात जाऊन बसले. तूरडाळ प्लास्टिकच्या बरणीत होती, ती फुगून झाकण उडालं होतं. लोणच्याची बरणी तेवढी जशीच्या तशी, चिखलात उभी. पण ते लोणचं खाववलं नाही. सगळं गल्लीच्या तोंडाशी नेऊन ओतलं. आमच्या आधी तिथे दहा घरांचा गहू पडला होता. ओला गहू इतका जड होतो हे मला माहीत नव्हतं.

त्या महिन्याचा माझा "आठवड्याचा किराणा" किती धरायचा, काका सांगतील.

आता आम्ही एका वेळी दोन मण घेतो, वीस-वीस किलोच्या डब्यांत, माळ्यावर. महाग पडतं. पडू दे.

हिशेबी_काका · मंगळवार, सकाळी ९:३०

समाताई, ते मी कुठल्याच रकान्यात धरणार नाही.

तुमचं वाचून गव्हाचा हिशोब मात्र मांडून पाहिला. "भरल्याने वाचतं" हे आपण सगळे गृहीत धरतो. वहिनींचा मार्चचा भाव ७६०. दिवाळीला तोच गहू ८४० होता असं माझ्या वहीत आहे. मणामागे ८०, आठ मणांचे ६४०. आता वजा करू. ६,०८० रुपये बँकेत सात टक्क्यांनी असते, तर गहू वर्षभरात हळूहळू संपतो म्हणून सरासरी सहा महिन्यांचं व्याज धरू: २१३. एक किलो दिवेल: दोनशे. उरले २२७. शिवाय सगळा गहू कोणी दिवाळीच्याच भावाने घेत नाही, म्हणजे खरा फायदा याहूनही कमी. किडीने चार किलो खाल्ला की तोही गेला.

तेलाचं उलट आहे. पाऊच समजा १६५ ला लिटर, म्हणजे किलोला १८१. डबा १६०. वर्षाच्या ४५ किलोवर साडेनऊशे वाचले, आणि यात ऊन नाही, दिवेल नाही, पाठदुखी नाही. डबा चार महिन्यांत संपतो, तेवढ्यात तेलाला खवट वास येत नाही.

तेव्हा माझं मत: गव्हात पैसे नाहीत, तेलात आहेत. आणि आम्ही मात्र घरी पस्तीस वर्षं गहूच भरत आलो.

अर्धी_गुजराती · मंगळवार, सकाळी १०:०२

काका, पैशासाठी कोण भरतं! वर्षभर पीठ एकच राहतं म्हणून भरायचा. दर महिन्याला वेगळा गहू आला की पाण्याचा अंदाज बदलतो, तिंबायचा वेळ बदलतो, पोळी कधी मऊ कधी चिवट. सकाळी साडेसहाला तीन डबे भरायचे असतात तेव्हा पिठाशी ओळख असावी लागते.

पेढीवरचा · मंगळवार, दुपारी १:१५

बेन बरोबर सांगतात. आमच्याकडे जुनी गिऱ्हाइकं भाव नंतर विचारतात. आधी मूठभर दाणे घेऊन चावतात, मग म्हणतात, "गेल्या साली दिला होता तोच आहे ना?"

डाळीचं एक राहिलं. वासदची तूरडाळ तेलाचा हात लावलेली आणि कोरी अशी दोन्ही मिळते. आपल्या वरणाला कोरी घ्या. तेलाची घेतलीत तर गरम पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर वरणावर तवंग येतो आणि घरी बोलणी बसतात.

ओटीवरची · मंगळवार, रात्री ९:४८

काकांचे २२७ रुपये मी यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे दरवर्षी मी गच्चीवर आठ मण गहू चढवतो आणि उतरवतो ते सव्वादोनशे रुपयांसाठी?" सासूबाई म्हणाल्या, "नाही, व्यायामासाठी."

एक गोष्ट मात्र या धाग्यामुळे लक्षात आली. आज भांड्याला येणाऱ्या बेनना मी विचारलं, तुमचं आठवड्याला किती? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. सोळाशे, म्हणाल्या. घरात पाच माणसं. गहू-तांदूळ रेशनवर माणशी पाच किलो, ते फुकट, पण महिनाभर पुरत नाही. तेल अर्ध्या किलोच्या पाऊचने, चहा दहाच्या पुडीने, साखर अर्धा किलो. त्या पाच घरी कामं करतात आणि पाच घरांचे पगार पाच तारखांना मिळतात. ज्या तारखेला ज्या घरचे आले त्या दिवशी ती वस्तू. आमचे पैसे पाच तारखेला, म्हणून पाच तारखेला तेल.

मी म्हटलं, डबा घेतला तर किलोला वीस रुपये वाचतात. त्या हसल्या. "बेन, डबा घ्यायला चोवीसशे एकदम पाहिजेत ने. ते वाचवायला आधी ते असायला लागतात." मला वही काढून बावन्नने भागावं लागलं तो आकडा त्यांना तोंडपाठ आहे, आणि किलोला जास्त भाव त्याच देतात.

खोचक · मंगळवार, रात्री १०:२०

आता खोचक काही सुचत नाहीये. डबा वाटून घेता येतो का? आमच्या सोसायटीत तीन घरं मिळून एक घेतात, स्टीलच्या किटल्या घेऊन रविवारी सकाळी जमतात. वाटताना तेल कमी आणि गप्पा जास्त सांडतात, पण जमतं.

ओटीवरची · मंगळवार, रात्री १०:२६

विचारते त्यांना उद्या. एक डबा आम्ही दोघींत, त्यांचे पैसे दोन पगारांत वळते. त्यांना चालणार असेल तर. त्या सिंगतेल घेत नाहीत, कपासिया घेतात, तेव्हा तेही बघावं लागेल.

गव्हाचं ठरलं: यंदा आठ नाही, चार मण. दोन डबे तेल आत्ता, तिसरा नवरात्रानंतर. शनिवारी सकाळी हाथीखान्यात जातेय. टेम्पो केला तर कारेलीबाग-समा एकाच फेरीत होईल. कोणाला काही हवंय का?

समा_तळमजला · मंगळवार, रात्री १०:४०

मला दोन मण. सिहोरी. वीस-वीसच्या कट्ट्यात बांधून, मोठं पोतं नको.

अर्धी_गुजराती · मंगळवार, रात्री १०:४१

मी पण येते, दाणे चावायला कोणीतरी पाहिजे. दहाच्या आत पोचू या, नंतर हमाल जेवायला जातात आणि आपणच उचलतो.

मांजलपूरकर · मंगळवार, रात्री ११:०३

अर्धा मण मिळेल का? बायकोला सांगितलेलं नाही अजून.

पेढीवरचा · बुधवार, सकाळी ७:३०

अर्धा मण तोलून मिळतो. पिशव्या आपापल्या आणा. आणि पेढीवर आलात तर "धाग्यावरचे तुम्हीच का" असं मोठ्याने विचारू नका.